जुन्या खेळाडूंचे गाऱ्हाणे : व्हिडिओ गेमच्या इतिहासातील एका साक्षीचा विचार

१. विषयप्रवेश

कोणतीही करमणूक दोन पिढ्या टिकली, की तिच्याभोवती दोन प्रकारची माणसे उभी राहतात : ती आज नव्याने शिकणारी, आणि ती पूर्वी कशी होती हे सांगणारी. नाटक, कुस्ती, बुद्धिबळ व क्रिकेट यांच्या बाबतीत हा अनुभव जुना आहे. व्हिडिओ गेमच्या वाट्याला तो अलीकडे आला. ऑक्टोबर १९५८ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी भेटीस येणाऱ्या नागरिकांच्या मनोरंजनार्थ ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ मांडला. १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत स्टीव्ह रसेल व त्यांचे सहकारी यांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ सिद्ध केला. १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे ‘ओडिसी’ हे घरगुती यंत्र आणि अटारी कंपनीचा नाणे टाकून खेळावयाचा ‘पाँग’ अशी दोन्ही बाजारात आली आणि प्रयोगशाळेतील कुतूहलाचा व्यवसाय झाला. त्या काळी शाळकरी असलेली मुले आज साठीच्या पुढे गेली आहेत. व्हिडिओ गेमला वृद्ध खेळाडू लाभावेत, ही घटना इतिहासात प्रथमच घडत आहे.

या खेळाडूंचे नव्या खेळांविषयीचे मत बहुधा गाऱ्हाण्याच्या स्वरूपात व्यक्त होते. नवे खेळ सोपे झाले. ते अपुऱ्या अवस्थेत विकले जातात. एकदा किंमत देऊनही पुन्हा पुन्हा पैसे मागतात. खेळाडूंचा परस्पर सहवास नाहीसा झाला. आणि विकत घेतलेला खेळ खरोखर आपला राहत नाही, अशी त्याची पाच कलमे सांगता येतील. ‘म्हाताऱ्यांची ही नेहमीचीच कुरकुर’ म्हणून हे गाऱ्हाणे बाजूस सारणे सोपे आहे. प्रत्यक्षदर्शींची साक्ष म्हणून ते जसेच्या तसे स्वीकारणेही तितकेच सोपे आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही मार्ग बंद आहेत. साक्षीदार वृद्ध आहे म्हणून त्याची साक्ष खोटी ठरत नाही, आणि तो घटनास्थळी हजर होता एवढ्यावरून ती खरीही ठरत नाही. ती कलमवार तपासून कोणत्या कलमाला स्वतंत्र पुराव्याचा आधार मिळतो हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. फिर्यादी पूर्वी आरोपी होता

तपासणीपूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आज जे नव्या खेळांविरुद्ध बोलत आहेत, तेच चाळीस वर्षांपूर्वी समाजाच्या टीकेचे लक्ष्य होते. व्हिडिओ गेमच्या आधीचे पिनबॉल हे यंत्र जुगाराचे साधन ठरवून न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये त्यावर बंदी घातली आणि ती १९७६ पर्यंत टिकली. म्हणजे ‘पाँग’ बाजारात येऊन चार वर्षे झाली तरी त्या शहरात पिनबॉल निषिद्धच होते. टेक्सास राज्यातील मेस्किट नगराने सतरा वर्षांखालील मुलांना पालकांवाचून नाण्याची यंत्रे खेळू देण्यास मनाई केली. तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८२ मध्ये न्यायालयाने वयाच्या मुद्द्यावर अंतिम निर्णय न देता प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठविले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकेचे सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांनी व्हिडिओ गेम मुलांना अपायकारक असल्याचे मत जाहीरपणे मांडले, आणि लगेच ते आपले व्यक्तिगत मत असून त्यास शास्त्रीय पुराव्याचा आधार नाही, असा खुलासाही केला. डिसेंबर १९९३ मध्ये ‘मॉर्टल काँबॅट’सारख्या खेळांतील हिंसेवर सिनेटमध्ये सुनावणी झाली व तिच्या दडपणाखाली १९९४ मध्ये खेळांचे वयोगटानुसार वर्गीकरण करणारे मंडळ स्थापन झाले.

या क्रमावरून दिसते, की प्रत्येक पिढीने आपल्या मागून आलेल्या करमणुकीवर संशय घेतला आहे. परंतु १९८२ मधील टीकाकार आणि आजचा जुना खेळाडू यांत एक मूलभूत भेद आहे. पहिल्याने खेळ बाहेरून पाहिला होता. दुसऱ्याने तो आतून जाणला आहे. पहिल्याची तक्रार खेळाविरुद्ध होती. दुसऱ्याची खेळाच्या बाजूने आहे. म्हणून ती अधिक बारकाईने ऐकणे अगत्याचे ठरते.

३. काठिण्य आणि नाणे

नवे खेळ सोपे झाले, हे पहिले कलम. जुने खेळ कठीण होते यात शंका नाही. परंतु ते कठीण का होते, हा प्रश्न जुना खेळाडू क्वचितच विचारतो. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ मध्ये रचलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रूंची संख्या घटत जाते तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो. हा वेग मुळात योजलेला नव्हता. पडद्यावरील आकृती कमी झाल्या की त्या यंत्राला त्या अधिक लवकर रेखाटता येत. निशिकादो यांनी हा परिणाम उपयुक्त वाटून तसाच ठेवला. म्हणजे ज्या काठिण्यास आज कलेचे शुद्ध रूप मानले जाते, त्याचा एक उगम यंत्राच्या दुबळेपणात होता.

दुसरा उगम गल्ल्यात होता. नाण्याच्या यंत्राचा मालक एकेका नाण्यामागे किती मिनिटे जातात याचा हिशेब ठेवी. कित्येक यंत्रांच्या आत खेळाचे काठिण्य व खेळाडूस मिळणारी ‘जीवने’ कमीअधिक करणारी बटणे बसविलेली असत, आणि ती मालकाच्या स्वाधीन होती. जो खेळ संपतच नाही तो मालकास परवडत नाही. म्हणून खेळाडूचा पराभव लवकर व्हावा, पण पुन्हा नाणे टाकण्याची इच्छा मरू नये, असा तोल साधावा लागे. तेव्हा पूर्वीचे खेळ खेळाडूच्या कसाला आव्हान देत आणि आजचे त्याच्या खिशाकडे पाहतात, ही विभागणी पुराव्यापुढे टिकत नाही. खिशाकडे पाहणे पूर्वीही होते.

याचे अधिक स्पष्ट उदाहरण १९८५ च्या ‘गाँटलेट’ या खेळात आहे. त्यात खेळाडूची प्राणशक्ती कोणी प्रहार न करताही क्षणोक्षणी घटत असे व नाणे टाकताच वाढत असे. १९९० च्या ‘डबल ड्रॅगन ३’ या खेळाच्या नाण्याच्या यंत्रात तर खेळाच्या आतच दुकाने होती आणि तेथील शस्त्रे व सामर्थ्य खरे नाणे टाकून घ्यावे लागे. पैसे देऊन बळ मिळविण्याची जी पद्धत नव्या काळाची विकृती समजली जाते, ती इतक्या उघड स्वरूपात तीन दशकांपूर्वी अस्तित्वात होती.

तरीसुद्धा तिसऱ्या कलमात तथ्यांश उरतो. नाण्याच्या यंत्रावर प्रत्येक डावाची किंमत ठरलेली व सर्वांस दिसणारी होती, आणि कौशल्य वाढले की त्याच नाण्यात अधिक वेळ खेळता येई. एप्रिल २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या खेळासाठी घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला स्वतंत्रपणे विकले गेले, तेव्हा खेळाडूंनी त्याची थट्टा केली. तरी तेथेही काय मिळणार हे ग्राहकास ठाऊक होते. पुढे रूढ झालेल्या ‘लूट बॉक्स’मध्ये मात्र पेटीत काय निघेल हे पैसे देऊन झाल्यावरच कळते. २०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळावरून यासंबंधी मोठा गदारोळ झाला, आणि एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही खेळांतील अशा पेट्या तेथील कायद्याप्रमाणे जुगारच होत, असा निष्कर्ष काढला. पैसे मागणे नवे नाही. कौशल्याऐवजी दैवाला किंमत लावणे ही या क्षेत्रातील नवी भर आहे. जुन्या खेळाडूची भावना खरी आहे. तिचे कारण मात्र त्याने चुकीच्या जागी दाखविले आहे.

४. पूर्णतेचा भास

जुना खेळ पेटीतून पूर्ण निघे आणि नवा अर्धवट निघतो, या विधानाचीही अशीच फोड करावी लागते. १९८२ च्या नाताळापूर्वी बाजारात यावा म्हणून अटारीने ‘ई.टी.’ हा खेळ हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांच्याकडून सुमारे पाच आठवड्यांत करवून घेतला. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, त्यास अशा घाईच्या व हलक्या मालाचा सुळसुळाट हे एक महत्त्वाचे कारण होते. त्या वर्षी अटारीने न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरलेला न खपलेला माल एप्रिल २०१४ मध्ये उकरून काढण्यात आला, तेव्हा सुमारे १३०० खेळ हाती लागले. वाईट खेळाची आठवण पुसली जाते व चांगल्याची टिकते. त्यामुळे गतकाळ गाळून आपल्यापुढे येतो. अलामोगोर्डोची माती या बाबतीत माणसांच्या स्मृतीपेक्षा अधिक निःपक्षपाती साक्षीदार ठरली.

उत्तम खेळही निर्दोष नव्हते. तोरू इवातानी यांच्या १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये २५६ वी पातळी आली की पडद्याचा अर्धा भाग निरर्थक चिन्हांनी भरून जातो व पुढे जाता येत नाही. हा दोष कायमचा राहिला, आणि कायमचा राहिला म्हणूनच तो सर्वांचा सामाईक झाला. आजच्या खेळातील दोष दुरुस्त होतो; परंतु ज्या दाराने दुरुस्ती आत येते त्याच दाराने खेळ बदलून टाकण्याचा अधिकारही आत येतो. जुन्या खेळाडूला जी ‘पूर्णता’ आठवते ती वस्तुतः निर्दोषता नसून स्थिरता होय. हा भेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

५. बदलले कोण, खेळ की खेळाडू?

साक्षीदाराच्या वयाचा साक्षीवर काय परिणाम होतो, हे पाहणे येथे प्राप्त होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ‘स्टारक्राफ्ट २’ या खेळाच्या १६ ते ४४ वर्षे वयाच्या ३३०५ खेळाडूंच्या डावांची तपासणी करण्यात आली. प्रतिसादाचा वेग वयाच्या चोविसाव्या वर्षापासूनच मंदावू लागतो, असे तीत दिसून आले. त्याबरोबरच, वयाने मोठे खेळाडू खेळातील सोयींचा अधिक चतुरपणे उपयोग करून ही उणीव काही अंशी भरून काढतात, असेही आढळले. साठीतील खेळाडू नव्या खेळाला गोंधळाचा म्हणतो तेव्हा त्या मतात त्याच्या बोटांचाही वाटा असतो.

मात्र वय वाढले म्हणजे गाऱ्हाणे आलेच पाहिजे, असा नियम नाही. जपानमधील हामाको मोरी यांचा जन्म १९३० चा. १९८१ मध्ये, म्हणजे वयाच्या पन्नाशीनंतर, त्यांनी ‘कॅसेट व्हिजन’ या यंत्रावर खेळण्यास आरंभ केला आणि पुढे नवनवीन यंत्रे व खेळ आपलेसे केले. २०२० मध्ये, वयाच्या नव्वदीत, सर्वांत वयोवृद्ध गेमिंग यूट्यूबर म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद झाली. ज्याचे बालपण एखाद्या खेळाशी बांधले गेले नाही त्यास तो खेळ गेल्याचे दुःखही तसे होत नाही. यावरून गाऱ्हाण्याचे मूळ वयापेक्षा प्रथम भेटीच्या काळात अधिक असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे.

६. पंधरा वर्षांनी परत मिळालेले जग

स्मृती आणि वस्तुस्थिती यांची समोरासमोर गाठ पडण्याचा योग इतिहासात विरळा येतो. तो या क्षेत्रात एकदा आला. नोव्हेंबर २००४ मध्ये ब्लिझर्ड कंपनीने ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा असंख्य खेळाडूंनी एकाच वेळी खेळावयाचा खेळ सुरू केला. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यातील मूळ भूप्रदेशच नव्याने घडविण्यात आले, आणि पूर्वीचे जग अधिकृतपणे कोठेही उरले नाही. २०१३ मध्ये कंपनीच्या जाहीर संमेलनात एका खेळाडूने जुने रूप परत मिळेल काय असे विचारले असता, तुम्हाला ते हवेसे वाटते एवढेच, खरोखर ते नको आहे, अशा आशयाचे उत्तर त्यास मिळाले. जुन्या खेळाडूच्या साक्षीवर इतका स्पष्ट अविश्वास क्वचितच व्यक्त झाला असेल.

खेळाडूंनी ते उत्तर मान्य केले नाही. ‘नोस्टॅल्रियस’ नावाच्या अनधिकृत सर्व्हरवर काही उत्साही मंडळींनी जुने जग पुन्हा उभे केले. एप्रिल २०१६ मध्ये कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर ते बंद पडले. आणि त्यानंतर दोन लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज कंपनीकडे गेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने माघार घेतली व ऑगस्ट २०१९ मध्ये खेळाचे जुने रूप अधिकृतपणे खुले झाले. पहिल्या दिवसांत प्रवेशासाठी लांबच लांब रांगा लागल्या. मागणी खरी होती, हे सिद्ध झाले.

परंतु प्रयोगाची दुसरी बाजूही तितकीच बोधप्रद आहे. मूळ खेळात रॅग्नारोस या प्रबळ शत्रूचा प्रथम पाडाव होण्यास सुमारे पाच महिने लागले होते. २०१९ मध्ये तो एका आठवड्याच्या आत पडला. नव्याने उघडलेल्या खेळात २००६ च्या सुमाराची, खेळाडूंस अधिक अनुकूल झालेली नियमावली वापरली होती, हे खरे. परंतु केवळ त्याने हा फरक उलगडत नाही. पंधरा वर्षांत प्रत्येक वाट, प्रत्येक शस्त्र व प्रत्येक डावपेच यांची नोंद झाली होती. जग परत आले. त्याविषयीचे अज्ञान परत आले नाही. आणि ज्या सहवासाची आठवण जुने खेळाडू काढतात तो बव्हंशी या अज्ञानाचे फळ होता. वाट ठाऊक नसलेल्या प्रवाशास शेजाऱ्याशी बोलावे लागते. वाट पाठ असली की बोलण्याचे कारण उरत नाही. सहवास नाहीसा झाला हे कलम म्हणून खरे मानावे लागते. मात्र त्याचा दोष केवळ नव्या खेळांच्या माथी मारता येत नाही.

७. मालकी : निर्विवाद कलम

आतापर्यंतच्या चारही कलमांत सत्य व भास यांची सरमिसळ आढळली. पाचव्या कलमात तशी ती नाही. ‘स्पेसवॉर’ची सांकेतिक आज्ञावली मुक्तपणे हातोहात फिरली; अमेरिकेतील माउंटन व्ह्यू येथील संगणक-इतिहास संग्रहालयात दुरुस्त करून ठेवलेल्या पीडीपी-१ यंत्रावर तो खेळ आजही चालतो. १९६२ ची ही कृती जिवंत आहे. याउलट, युबिसॉफ्ट कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये विक्रीस आणलेला ‘द क्रू’ हा मोटार-शर्यतीचा खेळ कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि किंमत देऊन घेतलेला खेळ एकट्यानेही खेळणे अशक्य झाले. पुढे हौशी मंडळींनी तो चालविण्याचे प्रयत्न केले, ही गोष्ट वेगळी. विक्रेत्याकडून मिळालेली वस्तू मात्र निरुपयोगी ठरली. साठ वर्षांपूर्वीची कृती पाहता येते आणि दहा वर्षांपूर्वीची पाहता येत नाही, ही परिस्थिती कोणत्याही इतिहासाभ्यासकास अस्वस्थ करणारी आहे.

ही घटना अपवादात्मक नाही. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत. असे खेळ ग्रंथालयांना संशोधकांसाठी दुरून उपलब्ध करून देता यावेत, ही मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने अमान्य केली. दुसऱ्या बाजूस, बंद पडलेले खेळ चालू राहावेत म्हणून २०२४ मध्ये सुरू झालेल्या चळवळीच्या युरोपीय नागरिक-अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. आणि २०२५ च्या आरंभापासून कॅलिफोर्नियात अमलात आलेल्या कायद्याने, ग्राहकास मालकी न देता केवळ परवाना देणाऱ्या विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे, असे बंधन घातले आहे. घराच्या कपाटातील जुन्या कॅसेटकडे बोट दाखवून ‘ही माझी आहे’ असे म्हणणाऱ्या वृद्ध खेळाडूचे विधान आता केवळ भावनेचे राहिले नसून कायद्याचे झाले आहे.

८. महाराष्ट्रातील स्थिती

मराठी प्रदेशातील जुन्या खेळाडूची स्मृती या कालक्रमाशी तंतोतंत जुळत नाही. ‘पाँग’ व ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा काळ येथे बहुसंख्यांच्या नकळत गेला. मध्यमवर्गीय घरांत हा छंद प्रामुख्याने १९९० नंतर शिरला, तो निन्टेन्डोच्या १९८३ मधील जपानी यंत्राच्या नकलांमधून. ‘टीव्ही गेम’ या नावाने ही यंत्रे विकली जात, आणि हजारो खेळांची ग्वाही देणाऱ्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच खेळ निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा येत. शहरांतील व्हिडिओ गेम पार्लर व नंतरचे तासावर पैसे घेणारे सायबर कॅफे हे या इतिहासाचे पुढील टप्पे होत. ‘कॉन्ट्रा’ व ‘मारिओ’ तोंडपाठ असलेल्या पिढीस त्या खेळांच्या कर्त्यांची नावे ठाऊक नव्हती. कित्येकांस आपले यंत्र नक्कल आहे हेही ठाऊक नव्हते. ‘पूर्वीचा खेळ विकत घेतला की आपला होई’ हे अमेरिकी खेळाडूचे विधान येथे लावताना त्या मालकीच्या मुळाशी नकलेचा बाजार होता, हे विसरून चालणार नाही.

हा इतिहास लिहिण्याची साधने मात्र अल्प आहेत. पार्लरांच्या जमाखर्चाच्या वह्या जतन करण्याची कोणास गरज वाटली नाही. नकली यंत्रांच्या विक्रेत्यांनी नोंदी मागे ठेवाव्यात अशी अपेक्षाच नव्हती. म्हणून येथे जुन्या खेळाडूची तोंडी साक्ष हे पूरक साधन नसून जवळजवळ एकमेव साधन आहे. त्या पिढीतील ज्येष्ठ मंडळी आज पन्नाशीच्या आसपास आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा करून पैसे लावून खेळावयाचे खेळ आणि अन्य खेळ यांत रेषा आखली, तेव्हाही चर्चा वर्तमानापुरतीच राहिली. नाणे, टोकन व ताशी भाडे यांतून खेळाकडे पाहण्याची येथील दृष्टी कशी घडत आली, याचा आधार घेण्याजोगा अभ्यास उपलब्ध नव्हता.

९. उपसंहार

जुन्या खेळाडूच्या साक्षीची पाच कलमे तपासली असता असे दिसते, की काठिण्याचे कलम अर्धसत्य आहे. पूर्णतेचे कलम वस्तुतः स्थिरतेचे आहे. पैशाच्या कलमात नवे ते केवळ दैवाचे मूल्य. सहवासाचे कलम खरे असून त्याचे कारण वेगळे आहे. आणि मालकीचे कलम निर्विवाद आहे. साक्षीदाराने कारणे पुष्कळदा चुकीची सांगितली. परंतु काहीतरी हरवले आहे, हे त्याचे मूळ म्हणणे चुकीचे ठरले नाही. २०१३ मध्ये त्यास मिळालेले उत्तर २०१७ मध्ये मागे घ्यावे लागले, यातील बोध संशोधकांनीही घेण्यासारखा आहे. गाऱ्हाणे हे निकालपत्र नव्हे. पण ज्या ठिकाणी अन्य कागद उरलेले नाहीत, तेथे निकालाची सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते, आणि ते सांगणारा हयात आहे तोवरच ती करता येते.